रुपयामागे चार पै

आपल्या सीमाभागात शाळेचा विषय निघाला की बोलणे भाषेवर येऊन थांबते. ते स्वाभाविकच आहे. पण अनुदानाचे तक्ते भरण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला आणखी एक प्रश्न तितकाच जिव्हाळ्याचा वाटतो. सरकारची तिजोरी आटली की पहिली झळ खेड्यातल्या प्राथमिक शाळेलाच का लागते? बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१८६३ च्या सुमारास मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' पट्टी बसवली. १८६९ च्या कायद्याने तिला पक्के रूप आले. त्या आण्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाला मिळे, म्हणजे साऱ्याच्या रुपयामागे चार पै. खेड्यापाड्यांतल्या शाळांना या चार पैंचा मोठा आधार झाला. पट्टी भरताना मराठी रयत आणि कानडी रयत असा भेद नव्हता. मात्र ती साऱ्याला बांधलेली होती. १८७६-७८ सारखा दुष्काळ पडून सारा थकला की पट्टीही थके.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढील निवेदनात महात्मा फुले यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा मोठा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रक म्हणजे केवळ आकडेमोड नव्हे, हे इतक्या लवकर ओळखणारे थोडेच होते.

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षण हे 'सोपीव' खाते झाले आणि लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याकडे आले. परंतु अर्थखाते 'राखीव' राहिले. प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला आणि वर मेस्टन निवाड्याप्रमाणे मुंबई प्रांताने वर्षाला ५६ लाख रुपये केंद्राला द्यायचे ठरले. अशा स्थितीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला. शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. सक्तीच्या शिक्षणाच्या वाढीव खर्चापैकी दोन तृतीयांश जिल्हा लोकल बोर्डांना आणि निम्मा म्युनिसिपालट्यांना सरकारने द्यायचा, असे ठरले. कायदा उत्तम होता, पण त्यामागे पैसा नव्हता. पुढे १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, अनुदानांना कात्री लागली आणि सक्तीच्या योजना कागदावरच अडकून पडल्या. लोकल बोर्डांकडे जबाबदारी होती, पैशाची किल्ली मात्र वर राहिली.

शेतसाऱ्याखालोखाल प्रांताचा मोठा आधार अबकारी उत्पन्नाचा, म्हणजे दारूचा होता. १९३७ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळे आली तेव्हा दारूबंदी करावी तर शाळांना पैसा कुठून आणावा, हा पेच उभा राहिला. दारूच्या पैशावर मुलांनी शिकावे, याची गांधीजींना खंत होती. शिक्षण हस्तोद्योगातून स्वावलंबी व्हावे या त्यांच्या वर्धा योजनेमागे ही अडचणही होती. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर शिक्षणखातेही सांभाळत. दोन्ही बाजू त्यांनाच जुळवायच्या होत्या.

हा सारा हिशेब बारकाईने मांडणारा माणूस आपल्याच परिसरातला होता. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी लोकल फंड पट्टीच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेच पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत, ही या आयोगाची शिफारस. तो पल्ला देशाने अजून गाठलेला नाही. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तिजोरी बदलली, शाळेची गरज तीच राहिली.

या इतिहासातून मला दोन गोष्टी उमगतात. शाळा केवळ गावाच्या पट्टीवर सोडली तर गरीब गावाची शाळा गरीबच राहते. केवळ सरकारी अनुदानावर सोडली तर तंगीच्या वर्षी तिच्यावर पहिली कुऱ्हाड येते, कारण खेड्यातल्या पालकाचा आवाज राजधानीपर्यंत पोचत नाही. रस्ता अडला तर लोक ओरडतात. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर मूल ओरडत नाही, ते नुसते मागे पडते.

म्हणून शाळेचा पट घटल्याची चर्चा होते तेव्हा पालकांनी आणखीही विचारावे. किती जागा रिकाम्या आहेत? खोल्यांसाठी काय मंजूर झाले आणि त्यातले हाती काय आले? हे प्रश्न विचारताना शेजारच्या कानडी शाळेच्या पालकांनाही बरोबर घ्यावे. त्या चार पैंत त्यांच्या पणजोबांचाही वाटा होता.