परके, पण ‘व्यक्ती’: चकमांचा खटला

निर्वासितांसाठी भारतात वेगळा कायदा नाही आणि 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावरही भारताची सही नाही. मग इथे आश्रयाला आलेल्या माणसाच्या हाती उरतं काय? हा प्रश्न निघाला की मी आधी एका खटल्याची गोष्ट सांगतो.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झालं. चितगावच्या डोंगरी मुलखातली सुमारे 40 टक्के शेतजमीन पाण्याखाली गेली. उठवले गेलेले लोक बहुतांशी चकमा, धर्माने बौद्ध. 1964 पासून त्यांच्यातले हजारो जण भारतात आले. केंद्राने त्यांना नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसवलं. हे करताना तिथल्या जमातींना कुणी विचारलं नाही. त्यांचा पुढचा राग समजून घ्यायचा तर हे विसरून चालणार नाही.

तीस वर्षं गेली. इथेच जन्मलेली मुलं मोठी झाली. नागरिकत्वाचे अर्ज मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडेच (तिकडे त्यांना डेप्युटी कमिशनर म्हणतात) अडकलेले. त्यात 1995 मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने चकमांना निघून जाण्यासाठी मुदत दिली. तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा असलेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

9 जानेवारी 1996 रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सगळा भार एका शब्दावर होता. कलम 19 मधली स्वातंत्र्यं ‘नागरिकां’ची, देशात कुठेही राहण्याचा हक्क त्यातच येतो. कलम 21 मात्र ‘व्यक्ती’च्या जीविताबद्दल बोलतं. आणि परका झाला तरी माणूस व्यक्ती असतोच ना! म्हणून राज्याने चकमांच्या जिवाचं रक्षण करायचं, गरज पडल्यास निमलष्करी दल मागवायचं, अर्ज केंद्राकडे पाठवायचे आणि ते निकाली निघेपर्यंत कायद्याच्या वाटेशिवाय कुणाला घराबाहेर काढायचं नाही.

ही ढाल तोकडी आहे, हेही सांगायला हवं. 2021 मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणातल्या अंतरिम आदेशात त्याच न्यायालयाने म्हटलं की कलम 21 सर्वांना लागू आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क कलम 19 शी जोडलेला, म्हणजे नागरिकांपुरता. ठरलेली प्रक्रिया पाळली की परत पाठवता येतं.

आणि चकमा? 2015 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की पात्र चकमा आणि हाजोंगांच्या नागरिकत्वाचं काम तीन महिन्यांत पूर्ण करा. ते तीन महिने केव्हाच उलटले. वाद अजून चालूच आहे.