बैठक बंद, वसुली बंद : वाराणसीतल्या एका बँकेची महामारी

काशी म्हटलं की आपल्याला घाट आठवतात, अहिल्याबाईंनी बांधलेलं विश्वनाथाचं मंदिर आठवतं. बँक काही आठवत नाही. पण उत्कर्ष स्मॉल फायनान्स बँकेचं मुख्यालय वाराणसीतच आहे. गोविंद सिंह यांनी 2009 मध्ये सूक्ष्मकर्ज देणारी कंपनी काढली, तिचीच जानेवारी 2017 मध्ये बँक झाली. कर्ज मुख्यतः बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बायकांना.

या धंद्याची रीत आपल्या बचत गटांच्या जवळची. तारण काही नाही. गटातल्या बायका एकमेकींना जामीन. ठरल्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात बैठक भरते, हप्ते रोख गोळा होतात. सगळा भरवसा त्या एकत्र बसण्यावर. आणि मार्च 2020 मध्ये बंदी आली ती नेमकी एकत्र बसण्यावर!

27 मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : तोवर थकीत न ठरलेली खाती आता थकीत ठरवू नका. तो मार्च 2021 मध्ये उठला. म्हणजे जवळपास वर्षभर आजार होता, पण थर्मामीटर कपाटात होता.

आकडे पाहायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, टाळेबंदीचं वर्ष सगळ्यात वाईट असणार. तसं नव्हतं. 2019-20 चा नफा सुमारे 187 कोटी रुपये. 2020-21 मध्ये 112 कोटी. आणि 2021-22 मध्ये, दुकानं उघडल्यावर, जेमतेम 61 कोटी! मार्च 2020 मध्ये शंभर रुपये कर्जामागे एक रुपयाही थकीत नव्हता; मार्च 2022 मध्ये सहा रुपये होते. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. जुनी थकबाकी उघडी पडली, नवी तिच्यात मिसळली, आणि नियमाप्रमाणे तिच्यासाठी तरतूद करायची म्हणजे नफ्यातूनच पैसे बाजूला काढायचे.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा), याच दोन वर्षांत ठेवी सव्वापाच हजार कोटींवरून दहा हजार कोटींवर गेल्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो बँकेत आणून ठेवला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे हप्ते थकले. एकाच बँकेचे हे दोन दरवाजे.

2022-23 मध्ये नफा 404 कोटींवर गेला. जुलै 2023 मध्ये 25 रुपये भावाने शेअर विकायला काढले, तेव्हा शंभरपट मागणी आली. बँकेचा ताप उतरला होता.

कर्जदार बाईचं मात्र वेगळं असतं. बँका न वसूल होणारं कर्ज वहीतून निर्लेखित करतात, ताळेबंद स्वच्छ होतो. पण देणं माफ होत नाही. तिच्या नावापुढची नोंद क्रेडिट ब्युरोकडे तशीच राहते, आणि पुढच्या कर्जाला गेली की समोरचा अधिकारी आधी तीच उघडून बघतो.