दत्तविधान आणि जनकाचा हक्क

जुन्या दफ्तरांतील दत्तपत्रें वाचतांना संशोधकाचें लक्ष बहुधा घेणाराकडे असतें. वतन कोणाकडे गेलें, भाऊबंदांनीं हरकत कां घेतली, सरकारांत नजराणा किती भरला, एवढें पाहून कागद पुन्हां रुमालांत बांधला जातो. ज्यानें मूल दिलें त्याचा हक्क कोणत्या क्षणीं व कितपत संपला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें दत्तकाच्या इतिहासाचा अर्धा भाग तेथेंच आहे.

आई किंवा बाप आपत्काळीं उदकपूर्वक देतात तो दत्त्रिम, असें मनु सांगतो. आणि अशा मुलास जनकाचें गोत्र व रिक्थ नाहीं, असेंही सांगतो. वसिष्ठानें एकुलता एक पुत्र देऊं अगर घेऊं नये असा निषेध केला, आणि पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें देऊं-घेऊं नये असें ठरविलें. म्हणजे जन्मदात्रीचा अधिकार शब्दांत राहिला. त्याची किल्ली मात्र नवऱ्याच्या हातीं. एकुलत्या पुत्राविषयींचा निषेध तरी टिकावयास हवा होता. परंतु १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो केवळ उपदेशपर मानिला व असें दत्तविधान कायदेशीर ठरविलें.

तथापि संबंध सर्वस्वीं तुटे असें नाहीं. विवाहप्रसंगीं जनककुलांतील सापिंड्य पाहावेंच लागे. शिवाय द्व्यामुष्यायण हा प्रकार होता. हा पुत्र आपणां उभयतांचा, असा करार करून दिलेला मुलगा दोन्ही घरचा राही. नीलकंठभट्टानें 'व्यवहारमयूखां'त याचा विचार केला आहे, आणि मुंबई इलाख्यांत त्या ग्रंथाचें वजन मोठें होतें. म्हणून दत्तपत्रांत असा मजकूर आढळल्यास तो लेखकाचा शिष्टाचार समजून सोडूं नये. जनकाचा हक्क जिवंत कीं मृत, हें त्या एका ओळीवर ठरतें.

झांशीचें प्रकरण सर्वश्रुत आहे. २० नोव्हेंबर १८५३ रोजीं गंगाधररावांनीं नेवाळकर कुळांतील वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव मांडीवर घेऊन त्याचें नांव दामोदरराव ठेविलें. दुसरे दिवशीं ते वारले. डलहौसीनें हा दत्तक नाकारला, असें सरसकट लिहिलें जातें. तें बरोबर नाहीं. खासगी मालमत्तेपुरता त्यानें तो मान्य केला, राज्यापुरता नाहीं. १८५४ त संस्थान खालसा झालें. शास्त्रानें त्या पोरास जन्मघरच्या वारशांतून काढलें आणि कंपनीनें दत्तघरच्या गादीवर बसूं दिलें नाहीं.

१९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें जनककुलाचे संबंध दत्तकाच्या दिवसापासून तुटतात, व एकदां झालेलें दत्तविधान रद्द होत नाहीं, हें सूत्र कायम ठेविलें. बापानें मूल देण्यास आईची संमति लागूं लागली, आणि २०१० च्या दुरुस्तीनें देण्याचा अधिकार तिला बापाच्या बरोबरीनें मिळाला. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मूल सोडून देणाऱ्या आईबापांनीं बाल कल्याण समितीपुढें तसा लेख करून द्यावयाचा असतो, आणि फेरविचारास त्यांना दोन महिने मिळतात. उदक सुटलें कीं दान पुरें, असें मानणाऱ्या विधींत या दोन महिन्यांस जागा नव्हती.

दत्तपत्रांच्या याद्या करतांना देणाराचें नांव, आईची संमति आणि द्व्यामुष्यायणाचा करार असे तीन रकाने वाढवावे, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.