विशेष शाळाप्रमुखांच्या संघटना : माझगाव ते तुये

विशेष शाळांच्या प्रमुखांना संघटनेचे बळ फार उशिरा मिळाले. शाळा आधी उभ्या राहिल्या, मग शिक्षक एकत्र आले, त्यानंतर पालक. शाळा चालवणाऱ्या माणसाकडे लक्ष गेले ते सर्वांत शेवटी.

मुंबईत माझगावला 1880 च्या दशकात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. देशातील अशा पहिल्या शाळांत तिची गणना होते. पुढे 1935 साली कर्णबधिरांच्या शिक्षकांची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली. 1944 मध्ये मुंबईत जय वकील शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उभी राहिली आणि 1952 मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय अंध संघ निघाला. यांतली प्रत्येक संस्था एका अपंगत्वाची किंवा एका व्यवसायाची होती. अनुदानाचा प्रस्ताव लिहिणारा, वाहनाची सोय पाहणारा, नसलेल्या शिक्षकाचा वर्ग घेणारा मुख्याध्यापक यांपैकी प्रत्येक ठिकाणी होता, पण त्याच्या कामाला वेगळे नाव नव्हते.

अमेरिकेत हे नाव आधी मिळाले. 1922 मध्ये न्यूयॉर्कला विशेष मुलांच्या शिक्षणासाठी परिषद स्थापन झाली. एलिझाबेथ फॅरल तिच्या पहिल्या अध्यक्षा. याच परिषदेत पुढे विशेष शिक्षणाच्या प्रशासकांचा स्वतंत्र विभाग तयार झाला. 1975 च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला शाळेत जागा देणे बंधनकारक झाले, तेव्हा कायदा राबवण्याचा भार याच प्रशासकांवर आला आणि त्यांच्या संघटनेच्या शब्दाला वजन आले.

भारतात वाट वेगळी पडली. येथे सुरुवात व्यावसायिकांच्या नोंदणीने झाली. भारतीय पुनर्वसन परिषद 1986 मध्ये स्थापन झाली, 1992 च्या कायद्याने तिला वैधानिक रूप मिळाले. नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परिषदेच्या सोळा व्यवसायवर्गांत ‘पुनर्वसन समुपदेशक व प्रशासक’ हाही एक वर्ग आहे. म्हणजे प्रशासकाचे अस्तित्व सरकारने मान्य केले आहे. त्याची मागणी मात्र बहुतेकदा शिक्षकांच्या, संस्थाचालकांच्या किंवा सर्वसाधारण मुख्याध्यापकांच्या संघटनांतून मांडली जाते. महाराष्ट्रात तर दीर्घकाळ विशेष शाळा समाजकल्याणाकडे आणि सामान्य शाळा शिक्षणाकडे, अशी वाटणी राहिली. एकाच गावातल्या दोन मुख्याध्यापकांचे वरिष्ठ वेगळे असल्याने त्यांचे प्रश्नही एका मंचावर आले नाहीत. ही वाटणी विशेष शाळाप्रमुखांना सर्वाधिक महागात पडली.

गोव्यात विशेष शाळांचा विस्तार 1961 च्या मुक्तीनंतरचा आणि बहुतांशी स्वयंसेवी संस्थांच्या कष्टांचा आहे. पर्वरीचे संजय सेंटर, फोंड्याजवळ ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान आणि डिचोलीची केशव सेवा साधना ही त्यांतली परिचित नावे. मात्र या शाळांपर्यंत पोहोचणे सर्वांना सोपे नाही. गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. तिथल्या तुये गावच्या मुलाला पर्वरी गाठायची तर शापोरा ओलांडून बार्देश तालुक्यात यावे लागते. अशा मुलाची शाळा चुकू नये यासाठी वाहनफेरी सांभाळणे हे शाळाप्रमुखाचे रोजचे काम असते. पदसंख्या किंवा वेतनश्रेणी ठरवणाऱ्या फाईलमध्ये ते सहसा दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण मान्य केले. शिक्षकांसाठी असा आकडा आता हाताशी आहे. शाळाप्रमुखांच्या कामाचे मोजमाप अजून व्हायचे आहे. त्यासाठी गोव्यातील विशेष शाळाप्रमुखांनी पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकत्र येऊन सरकारसमोर एकच मागणीपत्र ठेवले पाहिजे.