धक्का कुणी खायचा?

सायकलच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक हल्ली पहिली गोष्ट कोणती करतं? हँडलवर दोन्ही हात टेकवतं आणि पुढचा चिमटा दाबून बघतं. तो खाली-वर झाला की स्वारी खूश! शॉकअप आहे, म्हणजे खड्ड्यांची चिंता मिटली. पण डोंगरात चालवायच्या सायकलीचा इतिहास पाहिला, तर हा शॉकअप फार उशिरा आलेला दिसतो. त्याच्या आधी धक्के खायचं काम दुसरंच कुणीतरी करत होतं, आणि आजही बरंचसं तेच करतं.

थोडं मागे जाऊ. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पॅडलच्या सायकली बनू लागल्या. चाकं लाकडी, आणि त्यांवर आपल्या बैलगाडीला असते तशी लोखंडी धाव. इंग्रजांनी या वाहनाचं नाव ठेवलं 'बोनशेकर', म्हणजे हाडं खिळखिळी करणारं. धक्का खाणारा एकच, तो म्हणजे वर बसलेला माणूस. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आधी तो प्रयोग त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीवर केला होता. पुढच्याच वर्षी अशा टायरवर विल्यम ह्यूमने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले.

आता अमेरिकेत येऊ. श्विन कंपनीने १९३३ मध्ये दोन इंचांहून जाड, फुगीर टायरच्या सायकली काढल्या. बोजड, लोखंडी, मुलांच्या सायकली. पुढे त्या जुन्या बाजारात गेल्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतल्या तरुणांनी त्या हुडकून काढल्या आणि माउंट टॅमलपाय आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांवरून खाली पिटाळायला सुरुवात केली. घरी शर्यतीच्या उत्तम, हलक्या सायकली असताना हे भंगार कशासाठी? कारण त्या बारीक टायरच्या रिमा दगडांवर टिकत नव्हत्या. जाड टायर दगड पोटात घेत होता.

२१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. अंतर सुमारे तीन किलोमीटर, उतार सुमारे ४०० मीटर. पॅडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर ग्रीस पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला. चिमटा अर्थातच ताठ.

त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम बनवली. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वापरल्या. पण चिमट्याचा कल आणि जाड टायर जुन्या श्विनसारखेच ठेवले. हा शहाणपणा पुढे थोडा विसरला गेला, असं मला वाटतं. शर्यती वाढल्या तसं वजन कमी करायचं वेड लागलं. ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या, ते उत्तमच झालं. पण ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांच्या ताठ फ्रेमी आल्या, हँडल अरुंद, आणि ते धरणारा आडवा दांडा लांब. चालवणारा पुढे ओणवा, त्याचा भार मनगटांवर. धक्का पुन्हा माणसाकडे आला!

तेव्हा कुठे, १९८९ मध्ये पॉल टर्नरने रॉकशॉक्सचा पहिला चिमटा बाजारात आणला. त्याची ओळख मोटारसायकलींच्या जगातली. चिमटा दबायचा जेमतेम दोन इंच. पण त्यात हवेच्या जोडीला तेल होतं, आणि खरी गंमत तेलाची आहे. नुसती स्प्रिंग दाबली की ती तितक्याच जोराने उसळते. तेल बारीक छिद्रातून जाताना ही उसळी मारून टाकतं. १९९० मध्ये डुरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने याच चिमट्यावर उताराची शर्यत जिंकली आणि ताठ चिमट्याचे दिवस भरले.

आज स्वस्त सायकलींत दिसतो तो चिमटा बहुधा याचा सोंगाड्या असतो. आत नुसती स्प्रिंग, तेल नाही. हलक्या मुलाच्या वजनाने ती नीट दबतही नाही, आणि खड्ड्यात दबली तर फटकन परत उसळते. वर दीड-दोन किलोंचं ओझं रोज चढावर वाहायचं ते वेगळंच.

चिमटा मोठा धक्का घेतो. खडीची बारीक थरथर टायरच घेतो, कारण ती चाकापर्यंत पोचण्याआधीच हवा तिला गाठते. अडचण एकच होती. हवा कमी ठेवली की दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली जाई आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडत. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशलँ या कंपन्यांनी ट्यूबशिवायच्या टायरची पद्धत आणली. चिमटायला ट्यूबच उरली नाही, त्यामुळे हवा आणखी कमी करता आली. मग चाकं मोठी झाली, २९ इंचांची. मोठं चाक त्याच दगडावर कमी कोनातून चढतं. हँडल रुंद झालं, दांडा आखूड झाला आणि मनगटं सुटली.

आपल्याकडे अजून अंगठ्याला दगडासारखा लागेपर्यंत टायर फुगवायची पद्धत आहे. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. पाठ दुखते म्हणून शॉकअपवाली सायकल घ्यायला निघालेल्याने आधी टायरमधली थोडी हवा सोडून एक फेरी मारून पाहावी. ट्यूब आहे म्हणून अगदी मऊ मात्र करू नये.

ब्रीझची १९७७ ची ती पहिली सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. तिच्या चिमट्यात ना स्प्रिंग, ना तेल.