तुमची शिवराई नेमकी कधीची?

जुन्या कॅमेरा लेन्सचा नाद असलेल्यांना एक सोय असते. सोव्हिएत हेलिओस हातात घेतली, की सिरीयल नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांत बहुतेक वेळा साल सापडतं आणि शेजारच्या चिन्हावरून कारखाना कळतो. आजची आपली वस्तू मात्र अशी आहे, की तिच्यावर बहुतेक वेळा ना साल, ना टांकसाळीचं नाव. बारीक फरकांवरूनच ओळखायची. ती म्हणजे तांब्याची शिवराई.

१६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हाच मजकूर महाराजांनंतरही, अगदी पेशवाईच्या अखेरीपर्यंत, वेगवेगळ्या टांकसाळींत पाडला जात होता. त्यामुळे 'शिव' वाचलं म्हणजे नाणं महाराजांच्या काळातलं, असं होत नाही. विकणारे मात्र सर्रास तसंच सांगतात.

मग ओळखायचं कसं? आधी नाणं कसं पाडायचे ते बघू. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर तांब्याची चकती, चकतीवर वरचा ठसा, आणि हातोड्याचा घाव. ठसे हाताने कोरलेले, तेही उलट्या अक्षरांत. त्यामुळे 'शिव'चं कधी 'सिव' होतं, 'पति'चं 'पती' होतं, टिंबांची जागा सरकते. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, म्हणून कडेची अक्षरं नाण्यावर उमटतच नाहीत. ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतील, तर ती 'दुदांडी' शिवराई. ती बरीच नंतरची.

आता सगळ्यात भारी पुरावा. ठशाला तडा गेला, की त्या फटीत तांबं शिरतं आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. दोन नाण्यांवर तीच रेघ त्याच जागी दिसली, तर दोन्ही एकाच ठशाची. एकावर आखूड आणि दुसऱ्यावर लांब असेल, तर आखूडवालं आधीचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही व्हर्जन हिस्टरीच! वरचा ठसा थेट मार खातो, लवकर झिजतो आणि बदलावा लागतो. खालचा तोच राहतो. या अदलाबदलीवरून नाण्यांची साखळी जुळवता येते.

म्हणूनच घरातली शिवराई चिंच-मीठ लावून घासू नका. चकाकी येईल, पण वरच्या थराबरोबर हे बारीक पुरावेही जातील. आणि शेतात नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. साठा फुटून दहा ठिकाणी गेला, की साखळी जुळवणं जवळपास अशक्य. ज्यांना खोलात जायचंय, त्यांनी माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळींवरचं १९८९ चं इंग्रजी पुस्तक बघावं.

आणि शिवराई उशिराची निघाली, तर हिरमुसू नका. जानेवारी १७७९ मध्ये इथे वडगावात इंग्रजांनी तह केला, तेव्हा महाराजांना जाऊन जवळपास ९९ वर्षं झाली होती. तरी बाजारात चालणाऱ्या पैशावर नाव त्यांचंच होतं. लोक त्या नावावर विश्वास ठेवून मीठ-मिरची घेत होते. हे आपल्याला उशिराची शिवराईच सांगते.

भेटू पुढच्या भागात!