फेजोआदाच्या पातेल्यातला इतिहास

१/ ब्राझीलमध्ये बुधवार आणि शनिवार हे फेजोआदाचे वार समजले जातात. काळा घेवडा, खारवलेले गोमांस, धुरी दिलेली सॉसेजेस आणि डुकराचे कान, पाय, शेपूट हे सारे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला हा दाट रस्सा. त्याच्या जन्माची एक कथा तेथे जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहे. ती हृदयाला भिडते. परंतु पुराव्यांपुढे टिकत नाही.

२/ कथा अशी : उसाच्या मळ्याचा मालक डुकराचे उत्तम मांस स्वतःसाठी राखी आणि उरलेले कान, पाय, शेपूट गुलामांच्या वस्तीकडे टाकून देई. आफ्रिकेतून आणलेल्या त्या माणसांनी हे टाकाऊ अवयव घेवड्यात शिजवले आणि त्यातून पुढे एका राष्ट्राचे पक्वान्न जन्मास आले.

३/ पहिली शंका ‘टाकाऊ’ या शब्दापाशीच येते. पोर्तुगीज स्वयंपाकात कान, पाय, जीभ, आतडी यांना मानाचे स्थान होते. ३० एप्रिल १८८९ ची एक पावती उपलब्ध आहे. ब्राझीलच्या राजघराण्याने पेत्रोपोलिस शहरातील खाटकाकडून केलेल्या खरेदीची ती पावती. तीत यकृत, मूत्रपिंड, जीभ, मेंदू आणि आतडी यांची नोंद आहे. जे राजवाड्यात विकत घेतले जात होते, ते मळ्यावर फुकट कोण टाकील?

४/ दुसरा पुरावा पाककृतीचा. पोर्तुगालच्या खेड्यांत थंडीच्या दिवसांत डुक्कर कापण्याची प्रथा होती. मांस मिठात मुरवून चुलीच्या धुरात टांगले जाई. मीठ मांसातील पाणी शोषून घेते, धुरातील द्रव्ये जंतूंची वाढ रोखतात. मांस महिनोन्‌महिने टिकते. मग वाळवलेले दाणे रात्रभर भिजवून त्या मांसासह शिजवायचे. उत्तर पोर्तुगालमधील त्राझ-उश-मोंतिश प्रांताची फेजोआदा आजही अशीच होते.

५/ तिसरा पुरावा आपल्या शेजारचा आहे. १५१० ते १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यातही फेजोआदा शिजते. तेथे घेवड्याच्या दाण्यांत मिरची आणि व्हिनेगर घालून मुरवलेले चोरीस पडते. ब्राझीलसारखे गुलामांच्या श्रमावर चालणारे उसाचे अवाढव्य मळे गोव्यात नव्हते. तरीही पदार्थ तोच, नावही तेच. म्हणजे या पाककृतीचे मूळ मळ्यावर नव्हे, पोर्तुगीज चुलीवर शोधावे लागते.

६/ अर्थात, पातेल्यातले सारेच पोर्तुगीज नव्हे. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला; साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही त्याच वनस्पतीचा वाण. फेजोआदासोबत वाढली जाणारी भाजलेली फारोफा ज्या कसाव्यापासून होते, तो कसावा पिकवण्याची आणि त्यातले विष काढून पीठ करण्याची विद्या ब्राझीलच्या मूलनिवासींची.

७/ ज्याँ-बातिस्त दब्रे हा फ्रेंच चित्रकार १८१६ ते १८३१ या काळात ब्राझीलमध्ये होता. रिओमधील एका लहान व्यापाऱ्याच्या घरचे साधे जेवण त्याने वर्णिले आहे : सुकवलेल्या मांसाचा एक तुकडा, भरपूर पाणी, मूठभर काळा घेवडा आणि वरून कसाव्याचे पीठ. घेवडा आणि सुके मांस हे सामान्य घरांतले रोजचे अन्न होते.

८/ ‘ब्राझिलियन फेजोआदा’ हे नाव छापील स्वरूपात कोठे दिसते? गुलामांच्या वस्तीत नव्हे, तर शहरी खाणावळींच्या जाहिरातींत. १८३३ मध्ये रेसिफेच्या एका हॉटेलाने दर गुरुवारी ती मिळेल असे वर्तमानपत्रातून कळवले. जानेवारी १८४९ मध्ये रिओतील एका खाणावळीने ग्राहकांच्या आग्रहास्तव मंगळवार आणि गुरुवार जाहीर केले.

९/ मग गुलाम काय खात होते? मुख्यतः कसाव्याचे किंवा मक्याचे पीठ. जोडीला काही ठिकाणी घेवडा आणि क्वचित सुक्या मांसाचा तुकडा. उपासमार नित्याची होती. मांसाने भरलेले पातेले त्या वस्तीत कल्पिणे म्हणजे त्या उपासमारीवर पांघरूण घालणे होय.

१०/ तरीही गुलामगिरी या पातेल्याबाहेर नाही. १७८० च्या सुमारास दक्षिणेकडील पेलोतास येथे गोमांस खारवून सुकवण्याचे कारखाने उभे राहू लागले. तेथे जनावर कापणारे, मांस चिरणारे, मिठाचे थर रचणारे हात गुलामांचे होते. तेच मांस जहाजांतून इतर प्रांतांत जाई आणि त्याचा मोठा वाटा मळ्यांवरील गुलामांनाच खाऊ घातला जाई.

११/ श्रीमंतांच्या घरांतही चुलीपुढे बहुधा आफ्रिकी वंशाच्या गुलाम स्त्रियाच उभ्या असत. पोर्तुगीज पाककृतीत अमेरिकेचा घेवडा, कसावा आणि स्थानिक चव त्यांच्याच हातांनी एकवटली. दंतकथा मात्र त्यांना मालकाने टाकलेले निमूटपणे उचलणाऱ्या ठरवते. कुशल स्वयंपाकिणी म्हणून त्यांची ओळखच पुसून टाकते.

१२/ विसाव्या शतकात ब्राझील स्वतःची राष्ट्रीय ओळख घडवत होता. तीन वंशांच्या गोड मीलनाचे प्रतीक म्हणून हे पातेले फार सोयीचे ठरले. १९६० च्या दशकात लुईस दा कामारा कास्कुदो या अभ्यासकाने फेजोआदाचे युरोपीय मूळ सविस्तर मांडले. तरी कथा जिवंत राहिली. कारण तिच्यात मालक उदार दिसतो आणि गुलामी सुसह्य वाटते.

१३/ १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. तोवर सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे तेथे जबरदस्तीने आणली गेली होती. फेजोआदा त्यांनी उष्ट्यातून निर्माण केली नाही. परंतु तिच्यातले मांस त्यांनी खारवले, घेवडा त्यांनी शिजवला आणि पंगत दुसऱ्यांची उठली. स्मरणात ठेवायचे ते हे.